वल्ह्यांवरचा माणूस

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाची ट्राउटशी ओळख सहसा दोन ठिकाणी होते: दुकानातल्या बर्फावर, नाहीतर 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' या सिनेमात. रॉबर्ट रेडफर्डनं १९९२ साली काढलेला हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, तर त्याची गोष्ट कदाचित विसरला असाल. पण उन्हात चमकणारी नदी, पाण्यात एकटा उभा असलेला ब्रॅड पिट आणि त्याच्या डोक्यावरून वेलांटी घेत जाणारी दोरी नक्की आठवत असेल. छायाचित्रणाचं ऑस्कर या सिनेमाला उगाच मिळालेलं नाही. माँटॅनातल्या मासेमारीच्या सहलींची माहितीपत्रकं चाळलीत, तर तेच चित्र पुन्हा पुन्हा भेटतं. एक माणूस, एक नदी आणि मधे कुणीच नाही.

प्रत्यक्षात आपल्यासारखे पाहुणे जी सहल विकत घेतात, तिच्यात मधे बरेच लोक असतात. यलोस्टोन बघून झालेलं असतं, एक दिवस हातात असतो, कुणीतरी सुचवतं, आणि आपण गाइडसह ड्रिफ्ट बोट ठरवतो. मी माँटॅनातल्या मॅडिसन नदीवर अशी सहल केली आहे. तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, कुठली ठेवू नये, आणि मिळतं ते पैशाच्या मोलाचं आहे का, हे इथे तपासायचं आहे. माझं मत आधीच सांगते. सहल चांगली आहे, तिची जाहिरात खोटी आहे. आणि जाहिरात ज्या गोष्टी झाकते, त्याच त्या दिवसातल्या सर्वांत बघण्यासारख्या आहेत.

आधी सिनेमाचा हिशेब मिटवू. मूळ लघुकादंबरी नॉर्मन मॅक्लीन यांची. ते शिकागो विद्यापीठात इंग्रजी शिकवत असत आणि लिहायला बसले ते सत्तरीच्या घरात. १९७६ साली त्याच विद्यापीठाच्या प्रेसनं पुस्तक छापलं. धाकटा भाऊ मासेमारीत असामान्य आहे आणि बाकीच्या आयुष्यात बुडत चालला आहे. त्याला हात कसा द्यायचा, हे धर्मोपदेशक वडलांनाही कळत नाही आणि थोरल्या भावालाही नाही. त्या घरात मासेमारी ही बोलण्याची भाषा आहे, लहानपणापासून वडलांच्या कडक नजरेखाली घोटलेली. सिनेमात हा धागा आहे, पण चित्र इतकं देखणं की बघणारा नदी घेऊन घरी जातो आणि भाऊ मागे राहतो. गंमत म्हणजे ती नदीही दुसरीच. गोष्ट घडते बिग ब्लॅकफूटवर, चित्रण मात्र मुख्यतः गॅलाटिनवर झालं.

पुस्तकातल्या भावांना गाइड लागत नाही, कारण त्यांच्यामागे वीस वर्षांची तालीम आहे. तुमच्याकडे आठ तास आहेत. वीस वर्षं आणि आठ तास यांच्यातली दरी कुणीतरी भरून काढावी लागते. ती कोण आणि कशी भरतं, ते बघायचं तर नावेत बसायला हवं.

ड्रिफ्ट बोट दिसायला होडीपेक्षा मोठ्या द्रोणासारखी असते. तळ सपाट, पण दोन्ही टोकांना वर वळलेला, त्यामुळे पाण्याला टेकतो तो मधला भागच. म्हणून ती एका जागी गर्रकन वळते आणि वीतभर पाण्यातूनही निघते. ही घडण ओरेगनमधल्या मॅकेन्झी आणि रोग या खडकाळ नद्यांवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झाली. पुढे एक खुर्ची, मागे एक खुर्ची, मधे वल्ह्यांवर गाइड. उभं राहून दोरी टाकता यावी म्हणून पुढे मांड्या टेकवायला आधार असतो. इंजिन नसतं.

आता वल्हवण्याची तऱ्हा बघा. आपल्या डोळ्यांपुढची होडी वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो आणि नाव पुढे ओढतो. इथे गाइड प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि वल्ही ओढतो, म्हणजे नाव उलटी, वरच्या अंगाला खेचतो. नदी तुम्हाला खाली नेतच असते. गाइडचं काम नेण्याचं नसतं, थोपवण्याचं असतं. नाव किंचित तिरपी धरून ओढली की ती आडवी सरकते, या काठाकडून त्या काठाकडे. मॅडिसनला वरच्या भागात डोह थोडे, खळाळच फार. मैलोन्‌मैल दगडांवरून धावणारं पाणी. त्यात तो माणूस दिवसाला दहा-बारा मैल नाव थोपवत राहतो. जाहिरातीत सहसा दोरी दिसते, वल्ही दिसत नाहीत.

आणि मासा लागतो तो मुख्यतः वल्ह्यांमुळे. का, ते सांगते. फ्लाय म्हणजे हुकाला पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा. खरा किडा पाण्याबरोबर वाहतो, ना जास्त वेगानं, ना कमी. तुमची दोरी मात्र चार वेगवेगळ्या वेगांच्या धारांवर पसरलेली असते. त्यातली एखादी धार दोरीला ओढते, किड्याच्या मागे बारीकशी रेघ उठते, आणि ट्राउट तोंड फिरवतो. ती ओढ टाळण्यासाठी पाण्यावर पडलेली दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवायची असते. याला 'मेंड' म्हणतात. काठावर उभं राहून हे साधायला वर्षं लागतात. नावेत गाइड किड्याच्याच वेगानं नाव नेतो. तुम्ही, दोरी आणि किडा एकत्र वाहता, आणि एरवी दोन-चार सेकंद टिकणारी बिनओढीची चाल कितीतरी लांबते. ते कौशल्य तुमच्या मनगटाचं नसतं, त्याच्या पाठीचं असतं.

म्हणून पहिली अपेक्षा सोडा, ती डोक्यावरून वेलांटी घेणाऱ्या दोरीची. बहुतेक वेळ तुमच्या दोरीला दोन फ्लाय, थोडं वजन आणि वर एक रंगीत गोळी असेल. गोळीला 'इंडिकेटर' म्हणतात, पण ओळखायला सोपी आहे. लहानपणी गळाला बांधलेला बुचाचा तुकडा आठवा. हे लटांबर सिनेमातल्यासारखं फिरवलंत तर गुंता होतो किंवा हुक कुणाच्या तरी टोपीत जातो. ते साधं, आखूड, गोफणीसारखं भिरकवायचं, मग गोळीकडे बघत राहायचं. ती बुडाली की हात वर. दिवसभरात सर्वांत जास्त कानावर पडणारे शब्द दोनच: 'मेंड' आणि 'सेट'. दुसऱ्याचा अर्थ, आता ओढा. पाण्यावर तरंगणाऱ्या किड्याला मासा वर येऊन घेतो, तो क्षण खरोखर थरारक आहे, पण तो किडे उडण्यावर अवलंबून असतो. जूनच्या शेवटापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत मॅडिसनवर सॅमनफ्लाय नावाचे बोटाएवढे किडे निघतात, तेव्हा नदीवर नावांचीही रांग लागते. एकांत हवा असेल त्यानं तो आठवडा टाळावा.

आमच्या नावेत मी आणि प्रयोगशाळेतली एक मैत्रीण होतो. दुपारपर्यंत माझ्या लक्षात एक गोष्ट आली. मासा कुठे आहे हे गाइड बघत होता, कुठला किडा लावायचा ते तो ठरवत होता, गाठ तो मारत होता, दोरी कुठे टाकायची ते सांगत होता, गोळी बुडाल्याचंही त्यालाच आधी कळत होतं. लागलेल्या माशाखाली जाळी त्यानंच धरली, हुक त्यानंच काढला. मासा पकडला तो त्यानं, माझा हात वापरून. मग त्यानं माझा फोन घेतला आणि फोटो काढला. फोटोत मी आहे, मासा आहे. तो नाही, कारण तो कॅमेऱ्यामागे आहे. पोस्टडॉक असल्यामुळे, निबंधावर पहिलं नाव कुणाचं आणि रात्री प्रयोग कुणी केला, या प्रश्नाशी माझी रोजची ओळख आहे. पण निबंधाला निदान शेवटी आभाराचा परिच्छेद असतो.

यावर तुम्ही म्हणाल, पैसे दिलेत की. दिलेत. पूर्ण दिवसाच्या नावेचे साधारण सहाशे ते आठशे डॉलर. हा दर नावेचा असतो, माणशी नव्हे. दोघांत वाटून घेतला तरी पोस्टडॉकच्या पगारात बोचतो. मासेमारीचा परवाना वेगळा, टिप वेगळी. टिपचा रिवाज पंधरा ते वीस टक्क्यांचा. माँटॅनात गाइडला परवानाधारक आउटफिटरच्या हाताखालीच काम करावं लागतं, म्हणजे तुमचे सगळे पैसे नाव ओढणाऱ्याकडे जात नाहीत. त्याचा मोसमही मुख्यतः उन्हाळ्याच्या चार महिन्यांचा. आणखी एक माणूस तुम्हाला भेटतच नाही: सकाळी जिथे नाव पाण्यात सोडली तिथून गाडी आणि ट्रेलर चालवत संध्याकाळच्या धक्क्यावर नेऊन ठेवणारा. तो नसता तर दिवसअखेर तुम्ही नदीकाठी नावेसह अडकला असता.

जाहिरातीतला दुसरा शब्द 'वाइल्ड'. याची चिकित्सा जास्त रंजक आहे. मॅडिसनमध्ये तुमच्या गळाला लागेल तो बहुधा ब्राउन किंवा रेनबो ट्राउट. दोघेही मूळचे इथले नव्हेत. ब्राउन युरोपचा, त्याची अंडी १८८३ साली जर्मनीहून अमेरिकेत आली आणि १८८९पर्यंत मासा मॅडिसनच्या खोऱ्यात पोचला. रेनबो पॅसिफिकच्या बाजूचा. या पाण्याचा खरा रहिवासी म्हणजे गळ्याखाली लाल रेघ असलेला वेस्टस्लोप कटथ्रोट, आणि तो आता मुख्य नदीत क्वचितच दिसतो. बाहेरून येऊन स्थिरावलेल्यांना 'इथला' कधी म्हणायचं, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. पण आपल्या स्थलांतराची उपमा इथे फार ताणू नये. आपण इथे येऊन कुणाची अंडी खात नाही.

तरीही 'वाइल्ड' हा शब्द अगदीच पोकळ नाही, आणि तो खरा केला एका जीवशास्त्रज्ञानं. १९६०च्या दशकात माँटॅनाचं मत्स्यखातं, इतर राज्यांसारखंच, हॅचरीत वाढवलेले मासे नद्यांत सोडत असे. लोक ते पकडत, खाते खूश, दुकानदार खूश. डिक व्हिन्सेंट या खात्यातल्या संशोधकानं मॅडिसनवर मोजणी केली. नदीच्या एका पट्ट्यात मासे सोडणं थांबवलं; तिथले नदीत जन्मलेले ट्राउट वाढले. ओडेल क्रीक या ओढ्यात आधी मासे सोडले जात नसत, तिथे सोडायला सुरुवात केली; तिथले मूळचे मासे घटले. म्हणजे नदीत मासे ओतल्यानं नदीतले मासे कमी होत होते. निष्कर्ष कुणालाच रुचणारा नव्हता आणि विरोध भरपूर झाला. पण १९७४ साली माँटॅनानं स्वतःचे ट्राउट असलेल्या नद्यांत हॅचरीचे मासे सोडणं बंद केलं. तुमच्या गळाला आज जो मासा लागतो तो याच नदीत जन्मलेला असतो, कारण कुणीतरी नको असलेला आकडा कागदावर मांडला आणि मागे घेतला नाही. नावेत बसलेल्या कितीजणांना हे माहीत असतं? मी विचारलं म्हणून आमच्या गाइडनं सांगितलं, आणि फार आपुलकीनं सांगितलं.

त्याच नदीवर १९९४ साली व्हर्लिंग डिसीज सापडला. हाही युरोपातून आलेला एक परजीवी. तो पिल्लांच्या कूर्चेवर हल्ला करतो, पिल्लं आपल्याच शेपटीमागे गरगर फिरतात आणि मरतात. मॅडिसनमधले रेनबो जवळपास नव्वद टक्क्यांनी घटले. ब्राउन बऱ्यापैकी टिकले, कारण त्यांच्या पूर्वजांनी हा रोग युरोपात पचवलेला होता. पुढे रेनबोही बरेच सावरले. म्हणजे ही नदी मुळीच अस्पर्श नाही. वर हेबगेनचं धरण आहे. त्याखाली, १७ ऑगस्ट १९५९च्या भूकंपात डोंगर कोसळून तयार झालेलं क्वेक लेक आहे. त्या रात्री अठ्ठावीस माणसं गेली. या सगळ्यातून खाली येणाऱ्या पाण्यावर तुम्ही गळ टाकता.

आता सर्वांत अवघड गोष्ट: पकडायचं आणि सोडून द्यायचं. आपल्याकडे माशाशी असलेली नाती सरळ आहेत. एक, मासा पकडावा आणि खावा. दुसरं, मासा अजिबात धरू नये. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडच्या डोहातले मासे देवीचे. त्यांना लोक खायला घालतात, कुणी पकडत नाही. गंमत म्हणून माशाच्या तोंडात हुक अडकवायचा, दमवायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा, हे या दोन्हींत बसत नाही. शाकाहारी वाचकाला हे क्रूर वाटेल, कोकणातल्या वाचकाला खुळेपणाचं. मला दोन्ही आक्षेप बरोबर वाटतात. सोडलेले सगळे मासे जगत नाहीत. खेळ माशाच्या जिवावर चाललेला आहे, हे कितीही हळुवार शब्दांनी झाकता येत नाही.

दुसऱ्या पारड्यातही काही आहे. नदीसाठी भांडणारे, धरणाच्या पाण्यावर लक्ष ठेवणारे, हॅचरीच्या विरोधात उभे राहिलेले, यांतले अनेकजण हाच खेळ खेळणारे होते. माझा निवाडा असा: खेळायचंच असेल तर त्याचे नियम पाळण्यापुरते तरी गंभीर व्हा. हुकाला काटा नसावा. मासा धरण्याआधी हात ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. हुक काढताना मासा जाळीत, पाण्यातच ठेवा. फोटोसाठी उचललात तर तुमचा श्वास रोखून धरा. तुम्हाला सोडावासा वाटेल त्याच्या आत मासा परत पाण्यात गेला पाहिजे.

आणि पाणी किती गरम आहे, ते विचारा. हा प्रश्न सहलीच्या दर्जाची खरी परीक्षा आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. दमलेला ट्राउट गरम पाण्यात सोडला तर पोहत जाताना दिसतो आणि नजरेआड मरतो. माँटॅनात नदीचं तापमान लागोपाठ तीन दिवस ७३ फॅरनहाइटला पोचलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करण्याची तरतूद आहे. तिला 'हूट आउल' म्हणतात. जंगलातले लाकूडतोडे कडक उन्हाळ्यात, घुबडं घुमत असताना पहाटेच कामाला लागायचे, त्यावरून. पण नियम लागू होण्याआधीही पाणी तापतं. 'आज एक वाजताच थांबू' असं सांगून स्वतःच्या कमाईवर पाणी सोडणारा गाइड मिळाला, तर तो दिवस वाया गेला समजू नका. अर्ध्या दिवसात थांबवल्याबद्दल वाईट अभिप्राय लिहिणारे ग्राहक असतात. पुढच्या वेळी त्या गाइडनं दुपारी तीनपर्यंत नाव चालवली, तर त्यात त्यांचा वाटा असतो.

एक शेवटचा अदृश्य हात कायद्याचा. नाव खाली जाताना दोन्ही काठांना मोठमोठी खासगी कुरणं दिसतात. तरीही तुम्ही तिथून जाऊ शकता, भरल्या नदीच्या रेषेच्या आत उतरून उभे राहू शकता. न्यायालयाच्या १९८४च्या निकालांनंतर माँटॅनानं १९८५ साली केलेल्या कायद्यानं हा हक्क सगळ्यांना दिला आहे. एच-वनबीवर असलेल्यालाही, जे-वनवर असलेल्यालाही. शेजारच्या काही राज्यांत असं मोकळं फिरता येत नाही. ज्या देशात आपण दर काही वर्षांनी कागद दाखवून राहण्याची परवानगी मागतो, तिथे नदी कुणाचा कागद बघत नाही, याचं मला त्या दिवशी माशापेक्षा जास्त अप्रूप वाटलं.

तर, जावं का? जा, पण हिशेब बदलून. किती मासे लागले हा आकडा मोजू नका. तो गाइडचा आकडा आहे. शिकायचं असेल तर सकाळीच सांगा की मासे कमी मिळाले तरी चालतील, गाठ मला मारू द्या. मधे तासभर नाव काठाला लावून पाण्यात उतरायला मागा. क्वेक लेक ते लायन्स ब्रिज या पट्ट्यात तर नावेतून गळ टाकायला बंदीच आहे, तिथे उतरावंच लागतं. पोलराइज्ड चष्मा लावा: पाण्याखालचं दिसतं, आणि मागच्या खुर्चीतल्या नवशिक्याच्या हुकापासून डोळा वाचतो. ऑगस्टमध्ये गेलात तर पहाटेची वेळ मागा. रेनकोट न्या, आभाळ निरभ्र असलं तरी. टिपेसाठी रोख पैसे घ्या, आणि त्यातले काही गाडी नेऊन ठेवणाऱ्यासाठी वेगळे द्या.

आणि दिवसातून एकदा दोरी गुंडाळून ठेवा, खुर्ची फिरवा आणि दहा मिनिटं मागे तोंड करून बसा. वल्ही कधी बुडतात, कधी नुसती टेकतात, दगड येण्याच्या किती आधी नाव तिरपी होते, ते बघा. फोटो काढायचाच असेल तर तेव्हा काढा. मासा तोवर पाण्यातच असेल.